एल काझादोर की न्वार : आधी कोणती पाहायची?

दोन मुली, हातात पिस्तुलं, मागावर असलेली माणसं आणि यूकी काजिउरा यांचं संगीत. हे वर्णन 'एल काझादोर दे ला ब्रूखा'ला लागू पडतं आणि 'न्वार'लाही, म्हणूनच घोळ होतो. कुणीतरी एकीचं नाव सुचवतं, पाहणारा दुसरी लावून बसतो आणि तिसऱ्या भागाला "हे काय लावलं?" म्हणून बंद करतो. लांबून सारख्या दिसणाऱ्या या दोन जपानी अॅनिमे (म्हणजे कार्टून) मालिका जवळून पाहिल्या तर ज्वारी आणि बाजरीइतक्या वेगळ्या आहेत. भाकरी दोन्हींची होते, पण थापताना हात वेगळा लागतो.

दोन्ही बी ट्रेन या जपानी स्टुडिओच्या, दिग्दर्शक कोइची माशिमो. न्वार टीव्ही टोकियोवर एप्रिल ते सप्टेंबर 2001 मध्ये दाखवली गेली, एल काझादोर 2007 मध्ये. यांच्या मध्ये 2004 साली 'मॅडलॅक्स' आली. या तिघींना मिळून त्रयी म्हणतात, पण ते नुसतं म्हणायला. कथा, पात्रं, देश, काळ यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. एक पाहिली नाही म्हणून दुसरी कळणार नाही, असं होत नाही.

प्रत्येकीचे भाग 26 आणि भाग साधारण 24 मिनिटांचा. म्हणजे एका मालिकेला 10 तास 24 मिनिटं लागतात. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं पुढे ढकललं तर नऊ तासांच्या थोडं वर. रोज दोन भाग धरले तर तेरा दिवसांत मालिका संपते. तीन मालिका सलग पाहायच्या भानगडीत पडू नका. माशिमोंच्या सवयी तिन्हींत त्याच आहेत, आणि दुसऱ्या मालिकेच्या मध्यावर त्या खुपायला लागतात.

चेटकीण आणि तिच्यावरचं इनाम

एल काझादोरमध्ये एलिस नावाच्या चेटकीण मुलीवर एका शास्त्रज्ञाच्या खुनाचा आळ आहे आणि तिच्या डोक्यावर इनाम लावलेलं आहे. त्या रात्री काय झालं ते तिला आठवत नाही. तिला शोधत येणारी बाउंटी हंटर, म्हणजे इनामासाठी माणसं पकडणारी, ती नादी. पण नादीचं काम नुसतं पकडून देण्याचं नाही, हे पहिल्या काही भागांतच कळतं आणि दोघी मिळून दक्षिणेकडे निघतात. गाठायचं ठिकाण म्हणजे विन्यायमार्का, 'सनातन नगरी'. हे नाव हवेतून काढलेलं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका सरोवराच्या धाकट्या भागाला खरोखरच विन्यायमार्का म्हणतात. कथेतल्या 'इंका रोज' या दगडाचंही तसंच. रोडोक्रोसाइट हे गुलाबी खनिज बाजारात त्याच नावाने विकलं जातं.

नावांत अजून एक गंमत आहे. स्पॅनिशमध्ये 'नादी'चा अर्थ 'कोणीच नाही'. मराठी कानाला मात्र ते नाव वेगळंच लागतं. एलिस नादीच्या नादी लागते, आणि पुढच्या सव्वीस भागांत कोण कोणाच्या नादी लागलं हे सांगणं अवघड होऊन बसतं.

मालिका रस्त्यावर घडते. मेक्सिकोच्या बाजूचा उघडाबोडका मुलूख, धूळ, निवडुंग, एकाकी खानावळी, गावाबाहेरचे पेट्रोलपंप. बीडहून पाटोद्याकडे किंवा आष्टीकडे मे महिन्यात गेलेल्या माणसाला ही पार्श्वभूमी परकी वाटायची नाही. खाण्याचे प्रसंग भरपूर आहेत. टॉर्टिला म्हणजे मक्याची पातळ भाकरी, तिच्यात भाजी किंवा मटण गुंडाळलं की टाको. 'अमीगो टाकोज' या खानावळीचं जाहिरातगाणं इतक्यांदा कानावर पडतं की मालिका संपल्यावरही तोंडातून जात नाही. प्रत्येक भागात नवं गाव आणि नवी माणसं भेटतात. सोबत लिरिओ ही न बोलणारी चिमुरडी आणि तिला घेऊन हिंडणारा बंदूकधारी रिकार्डो ही जोडी अधूनमधून आडवी येते. मालिकेतलं सगळ्यात चांगलं लेखन या दोघांच्या वाट्याला आलंय, असं आमचं मत.

खटकणारी बाजू म्हणजे एल ए हा तरुण. एलिसच्या मागे वेड्यासारखा लागलेला, लपून तिच्यावर नजर ठेवणारा. तो अंगावर काटा आणण्यासाठीच लिहिलाय हे खरं, पण त्याचे प्रसंग लांबतात आणि एकाच सुरात चालतात. दुसरी अडचण चेटूकविद्येची. संकट गळ्याशी आलं की एलिसची शक्ती जागी होते आणि सुटका होते. दोनदा-तीनदा असं झालं की पाहणाऱ्याला धाकधूक वाटेनाशी होते.

न्वारमध्ये काय आहे

न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. किरिका ही जपानी शाळकरी मुलगी जागी होते तेव्हा तिला स्वतःबद्दल काहीच आठवत नाही. जवळ एक ओळखपत्र, एक पिस्तूल आणि एक खिशातलं घड्याळ. घड्याळातून एक धून वाजते. ती धून ती पॅरिसमध्ये राहणाऱ्या मिरेई बुके या भाडोत्री मारेकरणीला पाठवते. मिरेई मूळची कॉर्सिका बेटावरची. तिच्या घरच्यांचा खून झाला त्या रात्री हीच धून वाजत होती. दोघी एकत्र येतात ते एका करारावर. सत्य सापडलं की मिरेई किरिकाला मारणार, आणि किरिकाला ते मान्य आहे.

हा करार मालिकेचा कणा आहे. एल काझादोरमध्ये दोघींची मैत्री होणार हे दुसऱ्या भागातच कळतं. मजा ती कशी होते यात आहे. न्वारमध्ये मात्र चहाच्या टेबलावर दोघी शेजारी बसल्या असल्या तरी तो करार मध्ये बसलेला असतो. किरिकाला माणूस मारता येतो आणि मारल्यावर दुःख होत नाही, याचंच तिला दुःख आहे. एवढा एक धागा सव्वीस भाग ताणून धरणं सोपं नाही. न्वारने ते बहुतेक जमवलंय.

बहुतेक, पूर्ण नाही. घड्याळ आणि कॉर्सिकाची ती रात्र पुन्हा पुन्हा दाखवली जाते, तीच चित्रं, तीच धून. मुळात आठवड्याला एक भाग येत होता, तेव्हा ही आठवण करून देणं चालून जायचं. आता एका बैठकीत चार भाग पाहिले की तीच रात्र चार वेळा बघावी लागते आणि माणूस वैतागतो. म्हणून न्वारला रोज एक, फार तर दोन भागांच्या वर जाऊ नये. सुरुवातीचे भाग सुटे आहेत, दर वेळी नवं काम आणि नवं सावज. मागचं कारस्थान हळूहळू वर येतं आणि साधारण दहाव्या भागापासून पकड घट्ट होते. पाचव्या भागाला सोडून देणारे नेमके त्याआधी उठतात.

सोडायच्या बेतात असाल तर सहावा भाग पाहा. सावज एक म्हातारा आहे, आता गोरगरिबांना मदत करणारा, आणि भागात एक मांजर आहे. त्यानंतर आठवा आणि नववा हा 'इन्तोकाबिले' नावाचा जोडभाग, सिसिलीच्या माफिया घराण्यातल्या मुलीचा. एरवी थंड डोक्याची मिरेई इथे लहानपणच्या भीतीने गारठते. हे तीन भाग पाहूनही आत ओढले गेला नाहीत तर न्वार तुमच्यासाठी नाही. खुशाल बंद करा.

घरात कोण बसलंय ते पाहून

दोन्हींत गोळीबार आहे. न्वारमध्ये जवळजवळ प्रत्येक भागात माणसं मरतात, तीही ढिगाने, पण रक्त जवळपास दिसत नाही. गोळी लागते, माणूस कोसळतो, संपलं. काहींना ते खोटं वाटतं. आमच्या मते त्याने थंडपणा उलट वाढतो. एल काझादोरमध्ये मरणाऱ्यांची संख्या बरीच कमी, विनोद जास्त आणि मारामारीनंतर जेवण ठरलेलं. बारा-तेरा वर्षांच्या भाचीसोबत पाहायची असेल तर काझादोर, फक्त एल एचे प्रसंग आधी स्वतः बघून ठेवा. न्वार सोळाच्या पुढे बरी. दृश्यांपेक्षा विषय जड आहे.

'चेटकीण' या शब्दाचंही बघावं लागतं. इकडच्या खेड्यांत भानामती आणि करणी हे गोष्टीतले शब्द नव्हेत. त्यापायी बायकांना मारझोड झालेली आहे आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भानामती, करणी, चेटूक हे शब्द नाव घेऊन आलेत. आजी-आजोबा शेजारी बसले असतील तर पडद्यावरची चेटकीण कोणत्या जातकुळीची, हे आधी सांगून टाका. ही मालिका चेटकिणीला भिववण्यासाठी आणत नाही. एलिस पळतेय, आणि तिच्याकडून काय काढून घेता येईल याचा हिशोब कोट घातलेली माणसं कार्यालयात बसून करताहेत. उलट, एखाद्या बाईला चेटकीण ठरवून तिच्यामागे लागणारे कोण असतात आणि त्यांना काय मिळतं, यावर घरात बोलायला ही मालिका बरी पडते.

कानासाठी

काजिउरा यांचं नाव नव्या पिढीला डिमन स्लेयर या अॅनिमेमुळे माहीत आहे. 'होमुरा' हे गाणं त्यांनीच बांधलं. न्वारमधलं 'काँता पेर मे' आणि 'साल्वा नोस' ऐकलं की त्यांच्या शैलीची मुळं सापडतात. देवळातल्या सामूहिक गायनासारखे आवाज, खाली धावणारा ताल. माशिमो गोळीबाराच्या वेळी संवाद बंद करून गाणं पुढे आणतात. फोनच्या छोट्या स्पीकरवर त्यातलं अर्धं हरवतं, साधा तारेचा हेडफोन लावला तरी फरक कळतो. एल काझादोरमध्ये गिटार आणि टाळ्यांचा ठेका आहे, मोकळं आणि उन्हातलं संगीत. शेवटचं गाणं 'रोमानेस्क' पुढे ढकलू नका. संगीतापुरतं बोलायचं तर न्वार लई वरची, त्यात वाद नको.

मॅडलॅक्सचं काय?

आधी पाहू नका, एवढंच. नाफ्रेस या शांत देशात राहणारी मार्गारेट आणि गाझ-सोनिका या यादवीने पोळलेल्या देशात लढणारी मॅडलॅक्स अशा दोन नायिका आहेत, आणि त्यांच्या वाटा एकत्र यायला बराच वेळ जातो. तोवर गूढ पुस्तकं, मंत्रासारखी वाक्यं आणि संध्याकाळचा झगा घालून लढणारी नायिका यांवर तग धरावा लागतो. न्वार आवडली असेल तर दोन-चार महिन्यांनी घ्या. काझादोर आवडली म्हणून घेतलीत तर फसाल.

डेटा, भाषा, शोध

मराठी किंवा हिंदी आवाजाची आशा धरू नका. अधिकृत पर्याय दोनच आहेत, इंग्रजी आवाज किंवा जपानी आवाजासोबत इंग्रजी उपशीर्षकं. इंग्रजी वाचायचा सराव कमी असेल तर न्वारपासून सुरुवात सोपी जाते, कारण तिथे संवाद थोडे आणि संथ आहेत. काझादोरमध्ये थट्टा-मस्करी भरभर चालते, दोन ओळी वाचेपर्यंत दृश्य निघून जातं. तिथे इंग्रजी आवाज लावलात तर काही बिघडत नाही. न्वार मात्र जपानीतच पाहावी. एलिसचं पालुपद 'येस सर' दोन्हीकडे तेच.

दीड जीबीच्या रोजच्या पॅकवर पाहणाऱ्यांसाठी हिशोब असा. सेकंदाला 1 मेगाबिट गतीचं चित्र मिनिटाला साडेसात एमबी खातं, म्हणजे भागाला 180 आणि पूर्ण मालिकेला 4.7 जीबीच्या आसपास. गुणवत्ता वर नेली तर हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. न्वारसाठी तो खर्च वाया जातो. ती 2001 ची आहे, आणि फोनवर 480 ओळींच्या पुढे फारसं काही वाढत नाही. काझादोर रुंद पडद्याची आहे, टीव्हीला जोडलीत तर मुलुख छान दिसतो. लाइट जायची वेळ ठरलेली असेल तर आदल्या रात्री दोन भाग उतरवून ठेवा, पण त्यासाठी घेतलेल्या सदस्यत्वात उतरवण्याची सोय आहे ना, ते पैसे भरण्याआधी पाहा.

मालिका कोणत्या सेवेवर आहे ते परवान्यांप्रमाणे बदलत राहतं. म्हणून महिन्याचे पैसे भरण्याआधी त्या सेवेत नाव टाकून शोधा, आणि यादीत सव्वीसच्या सव्वीस भाग आहेत का ते मोजा. शोधताना रोमन लिपीत स्पॅनिश स्पेलिंग वापरा. 'ब्रूखा'तला 'ख' तिथे 'जे' अक्षराने लिहितात, 'के-एच' लिहिलंत तर काहीच सापडणार नाही. न्वार शोधताना सोबत 'अॅनिमे' आणि 2001 जोडा, नाहीतर जगभरचे काळोखे गुन्हेपट समोर येऊन पडतील.

घरच्यांसोबत रात्रीच्या जेवणानंतर पाहायची असेल, तर काझादोर. एकट्याने, दार लावून, हेडफोन घालून बसणार असाल, तर न्वार, आणि तिथेही नववा भाग संपेपर्यंत निकाल देऊ नका. काझादोरला इतकी सवलत नको. चौथ्या भागापर्यंत नादी आणि एलिस यांच्यासोबत गाडीत बसावंसं वाटलं नाही, तर पुढे वेगळं काही येणार नाही.