पक्ष्यांसाठी पी950 की आर7? आधी कवडीपाटला पारखून घ्या

पक्ष्यांच्या फोटोंसाठी पहिला कॅमेरा घेताना निवड बऱ्याचदा दोनांत अडकते: निकॉन पी950, किंवा कॅनन आर7 आणि त्यावर आरएफ 100-400 लेन्स. पी950 मध्ये सगळं एकातच, वजन 1 किलो, पोहोच 2000 मिमीइतकी (पोहोचीचे आकडे 35 मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापाने). आर7 लेन्ससकट सव्वा किलो, पोहोच 640 मिमीइतकी, आणि खर्च बराच जास्त.

सेन्सर छोटा म्हणून पी950 ला लगेच बाद करू नका. आर7 चा सेन्सर क्षेत्रफळाने जवळपास बारापट मोठा आहे, हे खरं. पण पूर्ण झूमवर पी950 ची प्रत्यक्ष फोकल लेंग्थ 357 मिमी आणि अ‍ॅपर्चर एफ/6.5, म्हणजे प्रकाश आत यायचं भोक 55 मिमीचं. कॅननच्या लेन्सचं 400 मिमी, एफ/8 ला 50 मिमीचं. लांबच्या एकाच पक्ष्याकडून दोघांना साधारण सारखाच प्रकाश मिळतो! म्हणून भिगवणला उजनी धरणाच्या काठावरून दूरचे, शांत उभे रोहित पी950 वर छान येतात. आर7 वर तेच भरपूर क्रॉप करावे (कडा कापून मोठे करावे) लागतात. मात्र ऊन चढायच्या आत काढा. पाण्यावरची हवा तापून थरथरू लागली की कुठल्याही लेन्सचा इलाज चालत नाही.

सिंहगडच्या दरीत हिशोब उलटतो. झाडीखालच्या अंधारात स्वर्गीय नर्तक पाच-सहा मीटरवर येऊन बसला, तर दोन्ही कॅमेऱ्यांत फ्रेम भरते. पण पी950 चा झूम कमी करावा लागतो, भोक लहान होतं आणि मोठ्या सेन्सरचा फायदा आर7 ला पुरेपूर मिळतो. 1/250 शटर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 3200 ला त्यात पिसांचा पोत टिकतो. पी950 वर 800 च्या पुढेच पिसं लिंपल्यासारखी दिसू लागतात.

उडत्या पक्ष्यांसाठी आमचं मत स्पष्ट आहे: आर7. तो पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरून ठेवतो. पी950 सेकंदाला 7 च्या वेगाने 10 फोटो काढतो आणि ते कार्डावर उतरेपर्यंत थांबतो. तेवढ्यात पक्षी गेलेला असतो.

तरी भाड्याने आणून हिवाळ्यात सकाळी पुण्याजवळच्या नदीकाठी, कवडीपाटला, दोन्ही पारखा. आर7 वर सर्व्हो एएफ (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस), सब्जेक्ट अ‍ॅनिमल, शटर 1/2000, ऑटो आयएसओ ठेवा आणि पाण्यावरून फिरणाऱ्या नदी सुरयाच्या मागे लागा. घरी फोटो 100 टक्के मोठे करून डोळा धारदार आलेले किती, ते मोजा. शटर मेकॅनिकलच हवं, सेकंदाला 15 फोटो पुरतात. इलेक्ट्रॉनिकवर 30 मिळतात, पण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे फडफडणारे पंख वाकडे उमटतात. पी950 वर पूर्ण झूममध्ये पक्षी सापडतच नाही, अशी तक्रार नेहमी येते. लेन्सच्या बाजूचं स्नॅप-बॅक झूमचं बटण दाबून धरा, दृश्य रुंद होईल; पक्षी मध्यभागी आणा आणि बटण सोडा, झूम पुन्हा पहिल्या जागी येतो.

आर7 बजेटबाहेर जात असेल तर हीच लेन्स कॅननच्याच आर10 वर लावा. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, पण लेन्समध्ये आहे, आणि 1/2000 ला त्याची फारशी गरजही पडत नाही. कार्डाचा स्लॉट एकच आणि बॅटरी लहान, म्हणून दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या.