दीड लाखाची गाडी की नऊ लाखाची? जुन्या स्पिटफायरच्या विम्याचा दीड वर्षाचा अनुभव

आधी साडेनऊशे रुपयांचं सांगतो, कारण डोकं अजून त्यावरच तापलेलं आहे. हेडलाइटची काच, सात इंची, जुन्या काळातली जाडजूड. विमा कंपनीने नुकसान बघायला पाठवलेल्या सर्व्हेअरने क्लेममध्ये ती प्लास्टिक धरली आणि ५० टक्के घसारा (पार्ट जुना झाल्याची घट) कापला. १९०० रुपयांची काच, ९५० गेले. काचेला घसारा शून्य असतो हे पॉलिसीतच छापलंय हो! चार मेल केले, चौथ्याला काचेवर नाणं वाजवतानाचा व्हिडिओ जोडला, तेव्हा कुठे पैसे आले. दोन महिने लागले. बाकीच्या गोष्टी खरं तर याहून मोठ्या आहेत, पण असो.

गाडी १९६९ ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३, १२९६ सीसी, इंजिन मूळचंच. तीन वर्षं रिस्टोरेशन चाललं. चासी ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीवरून घेतलेली, त्यामुळे नाशिकमध्ये हेराल्ड खोललेला एक म्हातारा मिस्त्री सापडला आणि निभावलं. गाडी रस्त्यावर आली तेव्हा पहिला विमा काढायला कॉल सेंटरला फोन केला, ट्रायम्फ म्हटल्यावर पलीकडची पोरगी म्हणाली, "सर, स्पीड ४०० आहे का?" तिचा दोष नाही, आता ट्रायम्फ म्हणजे चाकणला बनणारी बाईक. यादीत ही गाडीच नव्हती, शेवटी एजंटने कागदावर फॉर्म भरून घेतला.

आता आयडीव्हीचं, म्हणजे पॉलिसीत गाडीची जी किंमत धरतात तिचं. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा तक्ता ठरलेला असतो, त्यापुढे कंपनी आणि मालक दोघांनी बोलून किंमत ठरवायची. एजंट म्हणाला किती टाकू, मी म्हटलं कमीत कमी किती चालेल. दीड लाख टाकले. प्रीमियम एकदम स्वस्त. तेव्हा स्वतःला लय हुशार समजत होतो, गाडी रोज थोडीच काढायचीय, रविवारी गंगापूर धरणापर्यंत जायचं आणि येताना मिसळ.

फेब्रुवारीत त्याच मिसळवाल्याच्या पार्किंगमध्ये द्राक्षाच्या क्रेटचा पिकअप रिव्हर्स घेताना थेट नाकावर आला. ज्यांनी स्पिटफायर पाहिलीय त्यांना कळलंच असेल काय झालं. हिचं बॉनेट आणि पुढचे दोन्ही मडगार्ड एकच तुकडा, पुढच्या बाजूला उघडतो. चेपला एक कोपरा, पण बदलायचं तर अख्खं नाक. इंग्लंडहून वापरलेलं बॉनेट नाशिकपर्यंत यायला ९६ हजार, फिटिंग १२, पेंट ३२. एस्टिमेट १ लाख ४० हजार.

सर्व्हेअर आला, एस्टिमेट बघितलं, आयडीव्ही बघितली आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, ही टोटल लॉसमध्ये जाते." मला आधी वाटलं चेष्टा करतोय. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस. दीड लाखाचे ७५ टक्के म्हणजे १ लाख १२ हजार ५००. म्हणजे दीड लाख घ्या आणि गाडी सोडा, किंवा भंगाराची किंमत वजा करून घ्या आणि गाडी ठेवा. तीन वर्षांची मेहनत, कोपरा चेपला म्हणून भंगार! त्या रात्री झोप नाही.

इथे मला मत बदलावं लागलं. काचेवरून ज्या सर्व्हेअरला मी पुढे दोन महिने शिव्या घातल्या त्यानेच वाट दाखवली. म्हणाला, नवीन पत्रा घेतला तर दहा वर्षांवरच्या गाडीला लोखंडी पार्टवर ५० टक्के घसारा, पण आहे तोच पत्रा ठोकून सरळ केला तर ती मजुरी, मजुरीवर घसारा नाही. नाशिकच्याच द्वारका चौकाजवळचा एक डेंटर, त्याने नऊ दिवस लाकडी हातोडीने काम केलं, आज शोधून दाखवा कुठे मार लागला होता. मजुरी २६ हजार, पेंट २४ हजार, काच १९००. पेंटच्या एकत्र बिलात २५ टक्के मटेरियल धरतात आणि त्याच्यावर निम्मं कापतात, म्हणजे ३ हजार गेले, आणि क्लेममध्ये मालकाने सोसायचेच ते सक्तीचे १ हजार. ५१,९०० पैकी शेवटी ४७,९०० मिळाले, ते ९५० धरून.

रिन्यूअलला मग शहाणपणा आला आणि फाईल घेऊन बसलो. मी १२ लाख म्हटलं, कंपनी ४ वर अडून. व्हॅल्युअरने गाडी पाहिली, चासी नंबर, इंजिन नंबर, फोटो सगळं जुळलं, मग म्हणाला बिलं दाखवा. बिलं! रिस्टोरेशनचं निम्म्याहून जास्त काम मी कच्च्या बिलावर केलेलं, १८ टक्के वाचवले म्हणून मित्रांत मिरवत होतो. त्या चिठ्ठ्या त्याने एका बाजूला सारल्या आणि पक्की बिलं तेवढी मोजली. महिनाभर मेलामेली होऊन ९ लाखांवर जमलं. ओन डॅमेजचा (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम घासाघीस करून १७,४००, वर थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीची) ३,४१६, आणि या सगळ्यावर जीएसटी.

विंटेज नोंदणी केली तर थर्ड पार्टी निम्मी होते हे माहितीये, १,७०८ वाचतात. पण मग २० हजार नोंदणीचे आणि गाडी फक्त रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठीच बाहेर काढायची. मिसळ यातल्या कशात बसते ते सांगा.

एक गैरसमज माझाही होता. ठरलेली रक्कम पॉलिसीवर आली म्हणजे ॲग्रीड व्हॅल्यू (आधीच मान्य केलेली पक्की किंमत) झाली असं वाटायचं. पूर्वीच्या टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या ठरलेल्या दर-नियमांत, खरी ॲग्रीड व्हॅल्यू पॉलिसी विंटेज गाड्यांना होती, आणि तिथे विंटेज म्हणजे १९४० संपण्याआधी बनलेली. १९६९ ची गाडी त्यांच्या दृष्टीने पोरसवदा. हे ९ लाख चोरी आणि टोटल लॉसलाच पूर्ण कामाला येतात, वर्षभर त्यात घट नाही. किरकोळ ठोकाठोकीत घसारा कापणारच, पण आता कोपरा चेपल्यावर कोणी टोटल लॉस म्हणणार नाही, कारण ७५ टक्के म्हणजे पावणेसात लाख.

नवीन पॉलिसीत बॉडी टाइप 'सलून' लिहून आलीय, गाडीला कापडी छत आहे. मेल टाकलाय. पॉलिसीची प्रिंट मात्र घरात ठेवली नाही, डिकीत स्टेपनीखाली आहे. बायकोने ९ लाखांचा आकडा वाचला तर म्हणेल एवढ्याची आहे ना, मग विका.