परदेशात हाडांचे उपचार: खास अस्थिरोग रुग्णालय की मोठं सर्वसाधारण?
दोन्हींची चकचकीत माहितीपत्रकं बाजूला ठेवा. आधी विचारा: नेमकी हीच शस्त्रक्रिया हा सर्जन वर्षाला किती वेळा करतो? इथे खास रुग्णालय बहुधा सरस. पण रात्री हृदयाची गुंतागुंत उद्भवली तर अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत हवा. तिथे मोठंच बरं.

खर्चाच्या अंदाजात फिजिओथेरपी अनेकदा धरलेली नसते. गुडघ्याच्या लिगामेंटच्या (हाडांना हाडं जोडणाऱ्या पट्ट्याच्या) शस्त्रक्रियेनंतर ती सुमारे 9 महिने चालते, म्हणजे बरीचशी घरी परतल्यावरच. सांधेरोपणानंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो, त्यामुळे विमानाने परतणं लांबू शकतं; परतीचं तिकीट बदलता येणारं घ्या. इम्प्लांटचं (बसवलेल्या कृत्रिम सांध्याचं) मॉडेल, माप आणि लॉट क्रमांक लेखी मागा. पुढे सांधा बदलताना त्याविना सर्जन अडतो.

लिगामेंट फाटलेल्या धडधाकट खेळाडूने खास रुग्णालय निवडावं. मधुमेही, हृदयरुग्ण किंवा अनेक अवयवांना इजा झालेल्याने मोठं.