आजोबांचा मॅग्डायनो बदलून आला

जुनी ब्रिटिश मोटरसायकल पुन्हा चालती करायला घेतली असेल आणि तिचा मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र, कुणाकडे वाइंडिंगला (आतली तार नव्याने गुंडाळायला) पाठवायचा बेत असेल, तर पाठवण्याआधी हे वाचा. माझे अडतीस हजार रुपये गेले. पैसे पुन्हा मिळवता येतात, पण जी वस्तू गेली ती नाही.

गाडी आजोबांची. १९३८ ची बीएसए एम२०, ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह इंजिनाची. आजोबा डॉक्टर होते. फलटणच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पेशंट बघायला हिच्यावरूनच जायचे. १९७१ पासून ती गोठ्यात पोत्यांखाली उभी होती. इंजिनचा नंबर जेएम२० ने सुरू होतो. युद्धकाळातल्या लष्करी गाड्यांचा डब्ल्यूएम२० ने होतो. लष्करासाठी बीएसएने सव्वा लाखाच्या वर एम२० बनवल्या, त्यामुळे त्यांचं सामान अजून सापडतं आणि त्यातलं बरंचसं आधीच्या गाडीलाही बसतं. हीच सोय माझ्या मुळावर आली.

बाकीचं सामान तीन वर्षांत हळूहळू जमलं. क्लच प्लेटा इंग्लंडहून मागवल्या, जुन्या ब्रिटिश नट-बोल्टांना लागणारे व्हिटवर्थ मापाचे पाने पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाले. राहिला तो लुकासचा मॅग्डायनो. यात खाली मॅग्नेटो आणि त्याच्या खोबणीत पट्ट्याने आवळलेला, दिव्यांसाठी वीज बनवणारा डायनॅमो असतो. मी स्वतः पट्टा सोडून डायनॅमो उचलला, तेव्हा खोबणीत सुईने कोरलेली अक्षरं दिसली: ग. वि., १९५६. आजोबांचं अक्षर. कितीतरी वेळ मी तशीच बसून होते. पण फोटो काढला नाही. ती चूक आजही डाचते.

मुंबईतल्या एका माणसाचं नाव ओळखीतून कळलं. बोलणं अतिशय आपुलकीचं. “ताई, आजोबांची गाडी म्हणजे आमच्या घरचीच,” म्हणाला. वीस हजार आधी मागितले, उरलेले काम झाल्यावर. पावती मागितली तेव्हा “विश्वास नाही का?” असं म्हणाला आणि मीच ओशाळले. दोन महिन्यांनी व्हिडिओ आला: हाताने फिरवलेला आर्मेचर (मॅग्नेटोतला तार गुंडाळलेला फिरता गाभा) आणि निळी, टणक ठिणगी. माझा जीव भांड्यात पडला. लगेच अठरा हजार पाठवले. पार्सलमधून आलेला मॅग्डायनो नव्यासारखा चकचकीत होता. तो मी जसाच्या तसा बसवला.

गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी सासवडकडे निघाले, तर दिवे घाटात अर्ध्यावर इंजिन मिसिंग करायला लागलं आणि बंद पडलं. वीस मिनिटांनी आपोआप सुरू झालं, दोन किलोमीटरवर पुन्हा बंद. कार्बोरेटर दोनदा साफ केला, प्लग बदलला, तरी तेच.

शेवटी मॅग्डायनो काढून कोल्हापूरला एका वयस्कर मेस्त्रींकडे नेला. त्यांनी आधी तो थंड असताना फिरवला. ठिणगी उत्तम. मग अर्धा तास लेथवर फिरत ठेवला, हात लावून गरम झाल्याची खात्री केली आणि पुन्हा बघितलं. ठिणगी मरगळलेली, मधेच गायब. आर्मेचर बाहेर काढला तर वाइंडिंग जुनंच. त्यावरचा चपडा, म्हणजे इन्सुलेशनसाठी लावलेली लाख, वितळून काकवीसारखा बोटांना चिकटत होता. कंडेन्सर, म्हणजे आतला वीज साठवणारा छोटा भाग, तोही मूळचाच. अशा मॅग्नेटोत थंडपणी सगळं ठीक दिसतं; उष्णतेने कंडेन्सर आणि जुनं इन्सुलेशन दगा देतं. नवं काहीच घातलेलं नव्हतं, फक्त वरून रंग.

“पोरी, हा तुझाच ना?” मेस्त्रींनी विचारलं. मी खोबणीत बघितलं. स्वच्छ. अक्षरं नाहीत. घासून काढल्याची खूणही नाही, उलट ओतीव धातूचा जुना खडबडीतपणा तसाच. माझा मॅग्डायनो फारसा न झिजलेला, चीर न पडलेला होता. तो ठेवून घेऊन कुठल्यातरी लष्करी गाडीचा झिजलेला माझ्या गळ्यात मारला होता.

त्या माणसाने आधी “आपला तोच आहे” म्हणून ठणकावलं, मग फोन उचलणं बंद केलं. पोलिसांकडे गेले तर पहिला प्रश्न: वस्तू दिल्याचा पुरावा? माझ्याकडे पैसे पाठवल्याची नोंद होती, पण काय दिलं होतं याची एक ओळही लिखित नव्हती.

आता मेस्त्रींकडेच नवं वाइंडिंग करून घेतलंय. त्यांनी जुनी तार आणि कंडेन्सर पिशवीत घालून परत दिले, मी न मागता. काम कुणाकडेही द्या, पण हे मागून घ्या. आत खूण करा, फोटो काढा, जॉबकार्डावर ती खूण लिहून घ्या, आणि मॅग्नेटो गरम असतानाची ठिणगी समोर उभं राहून बघितल्याशिवाय शेवटचा रुपया सोडू नका.

आणि कुणाच्या हाती कधी लुकासचा जुना मॅग्डायनो आला, तर पट्टा सोडून खोबणीत एकदा बघा. ‘ग. वि., १९५६’ असं कोरलेलं दिसलं तर मला कळवा. मागाल ती किंमत देईन.