मस्क्युलरमधला उंदीर: सात रस्त्याजवळचा रविवारचा क्लास

मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळे बायोलॉजीच्या शब्दांनी पोरगी पार रडकुंडीला आली होती. सात रस्त्याजवळ एक मॅडम दर रविवारी फक्त सायन्सच्या शब्दांची फोड शिकवतात असं शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून घातलं तिला, ८ रविवार, फी १५०० रुपये, आणि पैसे वसूल झाले बघा.

पहिल्या दिवशी मीपण मागच्या बाकावर बसलो. मॅडमनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, मस्क्युलर, म्हणजे स्नायूंचा. म्हणाल्या, लॅटिनमध्ये 'मुस' म्हणजे उंदीर, आपला संस्कृतातला मूषक त्याच घराण्यातला, आणि 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली उंदीर हलल्यासारखं दिसतं म्हणून स्नायूला ते नाव पडलं. मग पोरांना विचारलं, आपण काय म्हणतो त्याला? सगळा वर्ग ओरडला, बेडकी! अहो मी लहानपणापासून दंडाची बेडकी म्हणत आलोय पण त्यात बेडूक आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. घरी सांगितल्यावर आमच्या वडिलांनी, ते तरुणपणी तालमीत जायचे, लगेच बाही वर करून नातीला बेडकी दाखवली.

मला सगळ्यात आवडलं ते 'मुस्कुलुस'मधल्या 'कुल'चं. ते आलं की वस्तू लहान होते, ढोलाची ढोलकी होते ना तसं. क्लॅविक्युलर म्हणजे गळ्याखालच्या हाडाचं, त्यात छोटी किल्ली, व्हेंट्रिक्युलर म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांचं, त्यात छोटं पोट, ऑरिक्युलर म्हणजे कानाचं, त्यात छोटा कान. आणि स्पेलिंगचं म्हणाल तर मसलमधला सी ऐकू येत नाही म्हणून मुलगी तो हमखास गाळायची, आता आधी मस्क्युलर मोठ्याने म्हणते, त्यात सी स्पष्ट ऐकू येतो, मग मसल लिहिते. चुकत नाही.

तक्रारी दोन. झेरॉक्स इतक्या पुसट की पोरं लॅटिन शब्द चुकीचे उतरवून घेतात, मॅडम तेवढं टाईप करून द्याच. आणि ग्रीक शेवटच्या रविवारी घाईत उरकलं, मायोकार्डियम, म्हणजे हृदयाचा स्नायू, त्यातला 'मायो' ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचाही अर्थ उंदीर आणि स्नायू दोन्ही, एवढी भारी गोष्ट दोन मिनिटांत संपवली.

वर पत्रा आहे, पंखा एकच. उन्हाळ्यात घालणार असाल तर सकाळी ८ चीच बॅच घ्या, ११ नंतर आत बसवत नाही.