स्वस्त हेपरिन की महाग डाल्टेपरिन?

आयसीयूत दिवसचे दिवस पडून असलेल्या रुग्णाच्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली की जिवावर बेततं. म्हणून पोटाच्या कातडीखाली रक्त गोठू न देणारं इंजेक्शन देतात: साधं हेपरिन ५००० युनिट दिवसातून दोनदा, किंवा डाल्टेपरिन ५००० युनिट एकदाच.

२०११ च्या 'प्रोटेक्ट' चाचणीत सुमारे ३७५० रुग्णांवर दोन्ही पडताळली गेली. पायातल्या मोठ्या शिरांच्या गुठळ्या जवळपास सारख्याच, मोठा रक्तस्रावही सारखाच. फुफ्फुसातल्या गुठळ्या मात्र डाल्टेपरिनवर १.३ टक्के, हेपरिनवर २.३. माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा.

खर्चाचं काय? २०१४ साली तोही मोजला गेला. हेपरिनची किंमत कितीही कमी धरली तरी पारडं त्याच्या बाजूला झुकलं नाही. इंजेक्शनवर वाचलेले पैसे गुठळी झाल्यावर स्कॅन आणि आयसीयूच्या वाढीव दिवसांत कितीतरी पटीने जातात. बिल भरणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी समजावून सांगायलाच हवं.

किडनी निकामी असेल तर मात्र अनेक डॉक्टर हेपरिनच निवडतात. त्याचा असर लवकर ओसरतो आणि प्रोटामिन या उताऱ्याच्या औषधाने उतरवताही येतो. रक्तस्राव चालू असेल तर दोन्ही थांबवून पायांना हवेने फुगून दाब देणारे पट्टे लावतात.