माजघरातली जुनी दगडी चूल: पाडायची की आतून लहान करायची?

काळ्या दगडाची ती थोरली चूल गॅस आल्यावर निम्मी खोली अडवून बसते, हे खरं. पण घण मारण्याआधी तिच्यावर भिंत किंवा तुळई टेकली आहे का, ते बघा. असेल तर टेकू दिल्याशिवाय एकही दगड हलवू नका.

खर्च पाडण्यातच जास्त: मजुरी, मलबा वाहणं, खालची जमीन नव्यानं करणं. लहान करायला भाजक्या विटा, माती अन् धुरासाठी 4 इंची लोखंडी पाइप पुरतो.

टिकाऊपणा सगळा लिंपणावर. इथं सिमेंट नकोच. तापून-निवून केसासारख्या भेगा पडतात, मग पोपडे निघतात. माती, शेण, बारीक कुटार (भुसा) दोन दिवस भिजवून मुरवा, पातळ थर द्या. पाइप कवेलूंच्या वर 3 फूट काढा, छताच्या लाकडापासून हातभर लांब ठेवा. मध्येच वाकवला तर पऱ्हाटीची (कापसाच्या वाळल्या झाडांची) काजळी त्या वळणात साचते अन् धूर घरात परततो.

आंघोळीचं पाणी, सणावाराचा स्वयंपाक अजून जाळावर होत असेल, तर लहान करा. जाळ सुटला असेल अन् खोली हवी असेल, तर पाडा. दगड अंगणातल्या ओट्याला लागतील.